मागची सीट

दि. ९ एप्रिल

मेहुणे यांस,

आशीर्वाद. वडीलधाऱ्याने आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे, त्यातून दुसरा अर्थ काढू नये. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असणार, कारण बिघडवायचं ते सगळं तुम्ही इकडे बिघडवून ठेवलं आहे.

एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करतो. आमच्या लग्नात तुम्ही हाफ पॅन्टमध्ये होतात आणि प्रत्येक फोटोत मध्येच घुसला होतात. पण आज 'तुम्ही' लिहितो आहे, त्यावरून मी किती चिडलो आहे ते ओळखा. फोनच करणार होतो. पण मी बोलायला लागलो की तुम्ही तिकडे हसता आणि तुम्ही हसलात की तुमची ताई इकडे हसते. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

तर आठवडाभर मोटरसायकलवरून डोंगरात फिरायचं, आणि ते तुमच्या ताईला मागे बसवून, हे तुमच्या डोक्यात आलं तरी कसं? तिला अडुसष्टावं लागलं आहे. तुम्ही तिच्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे तुम्हीही काही कोवळे नाही. जन्मभर दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून दिल्यात, चार भिंतींच्या आत बसून. लग्न केलं नाहीत, त्यामुळे मागे बायकोमाणूस बसलं म्हणजे ब्रेक कसा दाबायचा हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. आता रिकामपण खायला उठलं असेल तर कुंड्या आणा आणि झाडं लावा. माझ्या घरावर कशाला उठलात?

मला तिने विचारलं नाही, सांगितलं. जेवताना. "मी आणि बाळ्या जातोय, मोठ्या खिंडीतून पलीकडे, तळ्यापर्यंत." जणू कोपऱ्यावरून दूध आणायला निघाली होती. त्यावर मी काय म्हटलं ते महत्त्वाचं नाही. मग ती म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांच्या सीटा शिवल्या. सगळे त्यावर बसून गेले आणि परत येऊन डोंगराच्या गोष्टी सांगून गेले. मी मशीनच्या स्टुलावरून हलले नाही. एकदा मलाही बसू दे की."

मी म्हटलं, "सगळे परत आले नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांच्याही मीच शिवल्या."

हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून उलगडून लिहितो. मी सीटवाला. कापायचं, भरायचं, पिना मारायच्या हे माझं काम. मशीनवरची शिलाई सगळी तिची. डोंगरातून माझ्याकडे कितीदा माणूस येत नाही, नुसती सीट येते. कुणाचा तरी भाऊ टेम्पोत घालून आणतो आणि म्हणतो, "नवी करून द्या, गाडी विकायची आहे." मी विचारत नाही. एका बाजूने रेक्झिन सोलून निघालेलं असतं, फोममध्ये खडी रुतलेली असते. खडी काढतो, वाटीत टाकतो. तुम्ही तो डोंगर चित्रात बघितला आहे. मी त्याची खडी बोटांनी वेचली आहे. तेव्हा मला भित्रा म्हणायचं नाही. तुम्ही फोनवर म्हणालात ते मी ऐकलं आहे, स्पीकर चालू होता.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. खिंडीच्या अलीकडे शेवटचा पेट्रोल पंप कुठे आहे? तो बंद असला तर? टायर पंक्चर झाला तर काढणार कोण, तुमची ताई? क्लचची जास्तीची वायर घेतली का? वर हवा विरळ असते, माणसाचं डोकं दुखतं, उलट्या होतात, मग तिला घेऊन कुठल्या दगडाच्या आडोशाला बसणार आहात? तिचे हात थंडीत आखडतात. पाऊस आला तर? पाऊस नाही आला आणि नुसतं ऊन पडलं तर? ती म्हणते तुम्ही भिंतीवर नकाशा लावून मुक्कामाच्या प्रत्येक जागी एक खोटा दात चिकटवला आहे. मोठी दाढ म्हणजे खिंड, असं ती मला हसत सांगत होती. ज्याला हा प्रवास तोंडातला वाटतो त्याच्या मागे मी माझी बायको बसवायची?

माझ्या छातीत दुखतं आहे हेही मी तिला सांगितलं. म्हणाली, "मी कुठे निघाले की दुखतं तुमच्या. परत आले की थांबतं."

काल ती तुमच्या गाडीची सीट काखोटीला मारून दुकानात आली. "पुढचा भाग ठीक आहे," म्हणाली, "मागचा नीट करा. मला लांब बसायचंय." मी नाही म्हटलं नाही. आलेलं काम परत पाठवायचं नाही ही आमच्या दुकानाची रीत. रविवारी तुम्ही दोघं आधी धरणापर्यंत जाऊन बघणार आहात ना, त्याआधी सीट मिळेल. मागच्या भागाचं मी माझ्या पद्धतीने बघतो. एक दिवस बसली की तिचं तिलाच कळेल.

पत्र तिच्याच हाती पाठवतो आहे. पाकिटाला सीटच्या पिना मारल्या आहेत. वाटेत उघडलं तर समजेल.

आपला,
भाऊजी


दि. २० एप्रिल

बाळ्या,

आशीर्वाद. पत्र पोचलं असेल, उत्तर आलं नाही. इकडे सर्व ठीक आहे.

तुझी ताई तुझ्याकडे आली आहे ते बरंच झालं. प्रवास मोठा आहे, समोरासमोर बसून ठरवलेलं चांगलं. सामान काय न्यायचं, कुठे थांबायचं, हे फोनवर होत नाही. मी शेजारच्या न्हाव्यालाही तेच सांगितलं. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, आता तूच समज. सकाळी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला, हातात वस्तरा.

"काका, काकू दिसत नाहीत?"

"भावाकडे गेली आहे. डोंगराचं ठरवायला."

"पण मशीनवर फडकं टाकलंय."

"मग? धूळ बसू द्यायची?"

"नाही, एवढ्या वर्षांत कधी टाकलेलं बघितलं नाही, म्हणून म्हटलं." आणि गेला. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत.

मशीन चालत नाही म्हणून फडकं टाकलं आहे. बॉबिनची डबी तिने काढून नेली. मशीन दुकानात, दोरा दुकानात, सुई दुकानात. पण खालची ती लहानशी लोखंडी डबी नसली की टाका पडतच नाही. डोंगरात शिवणकाम आहे का तुमचं? नाही ना? मग डबी कशाला नेली, हे तिला विचारून मला कळव. मी विचारलं असं सांगू नकोस.

घरात तसं सगळं चालू आहे. चहा मी करतो. साखर कुठल्या डब्यात आहे ते सापडलं. मिठाचा डबाही त्याच वेळी सापडला, तो आधी सापडला. गॅस बंद केला की नाही हे बघायला दुकानातून तीनतीनदा घरी येतो. बंदच असतो. कुंड्यांना पाणी घालायला गेलो तर कुंड्या नव्हत्या. समोरच्या बाईंच्या गॅलरीत दिसल्या. आठवडाभर जाणारा माणूस कुंड्या दुसऱ्याला देत नाही रे. आठवडाभरात झाड मरत नाही.

सीटबद्दल तिने तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तिखटमीठ लावून सांगायची तिला सवय नाही, म्हणजे खरं तेच सांगितलं असणार. तू सगळीकडे सांगत सुटशील, म्हणून माझी बाजूही ऐक.

मागच्या भागात मी वर बोटभर फोम घातला आणि खाली थर्माकोल. फ्रिजच्या खोक्यात येतो तो. वरून रेक्झिन ओढून पिना मारल्या, दिसायला झकास. माझा हिशोब सरळ होता. धरणापर्यंत जाईल, कंबर धरेल, संध्याकाळी म्हणेल, नको बाबा हा डोंगर. कुणाचं हाड मोडलं नसतं, कुणाचा अपमान झाला नसता, तुझाही नाही. डॉक्टर नाही का लहान पोराला कडू औषध गोड सांगून देत?

तर ती आली ती उभ्यानेच जेवली. मी म्हटलं, "बस की." म्हणाली, "दिवसभर बसलेच होते." बाकी एक अक्षर नाही. धरण कसं होतं, विचारलं. म्हणाली, "निळं." वाटेत मागून चूं चूं आवाज येत होता आणि तो चेनचा समजून तू दोनदा थांबून तेल घातलंस, हेही सांगितलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. चाळीस वर्षं सीटांत घालवलेल्या बाईला थर्माकोलचा आवाज ओळखू येणार नाही? ती सगळा रस्ता ओळखून बसली होती. तुला बोलली नाही. तुझ्यासमोर तिने माझी लाज राखली आणि घरी येऊन मग काढली.

दुसऱ्या दिवशी चहाला बसलो तर सीट टेबलावर, सकाळीच तुझ्या गाडीची काढून आणलेली, पिना उपटलेल्या, आणि थर्माकोल माझ्या कपाशेजारी. दोन तुकडे झालेला.

"हे काय आहे?"

"थर्माकोल."

"ते दिसतंय मला. कुणाच्या खाली घातलात?"

मी म्हटलं, "अगं, डोंगरात अर्ध्यातून फिरण्यापेक्षा इथूनच…"

"आपल्या दुकानातून आजवर खोटं काम बाहेर गेलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "पहिलं गेलं ते माझ्यासाठी."

मग दुकानात मशीनपाशी गेली, डबी काढली, घरी येऊन बॅग भरली. दारात मी विचारलं, परत कधी? ती म्हणाली, "डोंगरावरून आल्यावर बघते, गाडीवरून कुठे उतरायचं ते."

आता तू हसला असशील. हस. तुझ्या दोन खोल्या आहेत, एक रिकामीच असते, हे मला माहीत आहे. तू तिला राहा म्हणाला असशील हेही माहीत आहे. लहानपणी ताईच्या पदराला धरून फिरायचास, तो पदर पंचेचाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा हाताला लागला. मोटरसायकल हे निमित्त आहे. तू माझं घर फोडतो आहेस.

पण लक्षात ठेव, सीट माझ्याकडे आहे. ती मी देणार नाही. नुसत्या पत्र्यावर बसून खिंड ओलांडा.

भाऊजी


दि. ४ मे

बाळ्या,

टेम्पोवाल्याबरोबर सीट पाठवली आहे. हे पत्र तिलाच बांधलेलं आहे. सीट उतरवून घेताना मागची बाजू जमिनीला घासू देऊ नकोस.

लगेच खुश होऊ नकोस. मी माघार घेतलेली नाही. रेडिओ सांगत आला की तुम्ही दोघं पुलापलीकडच्या त्या चकचकीतकडे गेला होतात आणि तुमच्या गाडीला नवी सीट सांगून आलात. चकचकीत! ज्याच्या दुकानात आरसे लावलेत तो! बाळ्या, तो रेक्झिन चिकटवतो. उन्हात सुटतं, पावसात फुगतं. त्याच्या सीटवर माणूस दुसऱ्या दिवशी खाली खाली जातो आणि तिसऱ्या दिवशी घसरायला लागतो. खिंडीच्या उतारावर, एका बाजूला कडा, आणि मागे बसलेली बाई घसरते आहे. हे मला जागेपणी दिसायला लागलं. शिवाय दुसऱ्या माणसाने तिचं माप घ्यायचं? माझ्या बायकोचं? ती तरी कशी गेली त्याच्याकडे, असं विचारणार होतो. पण का गेली ते मलाच माहीत आहे. त्या चकचकीतला सीट नको म्हणून सांग.

माझ्याकडे माप नव्हतं. गिऱ्हाइकाला आम्ही भुशाच्या पोत्यावर बसवतो आणि खड्डा बघतो, तुला आठवत असेल, लहानपणी तू त्या पोत्यावर उड्या मारायचास आणि मी तुला कान धरून उठवायचो. आता ती इथे नाही, तर पोत्यावर बसवू कुणाला? मग मशीनवरचं फडकं काढलं आणि तिचं स्टूल उलटसुलट करून बघितलं. त्या स्टुलाच्या गादीत तिची सगळी वर्षं बसलेली आहेत. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. उजव्या पायाने मशीन मारायची ना, म्हणून डाव्या बाजूवर भार. इतकी वर्षं मी समोर बसून फोम कापत होतो, ती वाकडी बसते हे मला कधी दिसलं नव्हतं. आता तुझ्या सीटची डावी बाजू मी वर उचलून घेतली आहे. हात फिरवलास तर वाकडी लागेल. चुकलं म्हणून परत पाठवू नकोस. ती बसली की सरळ होईल.

फोम नवा आहे, जाड आहे. थर्माकोल शोधायला उघडून बघायचं असेल तर बघा, मला काही वाटणार नाही. वाटेल, पण बघा.

शिलाई मात्र माझी आहे. मशीन बंद, कारण डबी तिकडे. दाभण घेऊन हाताने शिवलं. माझी शिलाई तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, मी ती कधी केली नव्हती. टाके लांब आहेत, मागे कोपऱ्यात तर पार ढेपाळले आहेत. हा कच्चा टाका आहे. जाऊन येण्यापुरता धरेल, हे मी दोन्ही हातांनी ओढून, गुडघा लावून बघितलं आहे. त्याच्या पुढे धरणार नाही. परत आल्यावर त्यावर मशीन मारावं लागेल, नाहीतर पहिल्याच पावसात उसवेल. चकचकीतकडे नेऊ नका, त्याच्याकडे एवढ्या जाड कामाचं मशीनच नाही. हे मशीन एकच आहे आणि ते कुठे आहे हे तिला ठाऊक आहे. धमकी समजायची तर समज.

तिला सांग, ती डबी पाठीवरच्या पिशवीत टाकू नकोस म्हणावं. पडते. आतल्या खिशात ठेव.

तू पहिल्या पत्रातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. क्लचची वायर मीच सीटखाली गुंडाळून बांधली आहे. जुन्या गिऱ्हाइकाकडून हातमोजे आणले, आतून लोकर आहे. ते तिचे आहेत, तू घालायचे नाहीत. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबू नकोस. ती गप्प झाली की थांब. तिला काही दुखत असलं की ती बोलत नाही, बघितलंस ना धरणाला. "निळं" म्हणाली की समज, थांबायला हवं.

आणखी एक. तिने डोंगराचं सांगितलं त्या दिवशी जेवताना मी काय म्हटलं ते तुला लिहिलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "जा, मला काय त्याचं." "आणि मी?" असं विचारायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. गाडीला मागची सीट एकच असते, हे मलाही कळतं. मी ती जन्मभर भरत आलो आहे. पण तिने "तुम्ही काय कराल इथे?" एवढं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि तू मध्ये हसत होतास.

तुला मी सोडलेलं नाही. त्या नकाशावरचे दात मी विसरणार नाही. तिला ओरखडा जरी आला तर तुझे खरे दात भिंतीला लावीन.

चूक झाली असं मी कागदावर लिहिणार नाही. ते तिच्याकडे बघून बोलता आलं तर बोलेन. हे तिला वाचून दाखवू नकोस. पण पत्र टेबलावर उघडं राहिलं तर राहू दे.

परत येताना गाडी आधी आमच्या गल्लीत आण. तुझ्या घराकडे वळायच्या आधी. हॉर्न वाजवू नकोस, काही बोलू नकोस, ताई उतर असंही म्हणू नकोस. नुसती थांबव आणि मागे वळून बघू नकोस. उतरायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. मी बाहेरच बसलेला असेन. स्टूलही बाहेर असेल. ऊन दाखवायला.

अजून तरी तुझा,
भाऊजी